आगाराबाहेरची बस आणि तिचं दार

बस ही मुळात कुलूप लावून ठेवायची वस्तू नाही. एसटीची लाल गाडी घ्या, ठाणे परिवहनची घ्या किंवा कल्याण-डोंबिवलीची. दार असतं, दांडी असते, आत कुठेतरी खटका असतो. पण दिवसाचं काम संपलं, किल्ली फिरवली, दार ओढून पाहिलं आणि घरी निघालो, असं चालक-वाहक करताना कधी दिसत नाहीत. गाडी रात्री आगारात जाते. आगाराला भिंत असते, फाटक असतं, फाटकावर माणूस असतो. बसचं कुलूप म्हणजे आगार. हीच गाडी पुढे कधीतरी सेवेतून निघते, कोणीतरी ती घेतं, बाकं काढून तिची शाळा, दवाखाना, वाचनालय, स्वच्छतागृह, नाहीतर फिरतं घर करतं आणि रस्त्याच्या कडेला उभी करतं. रंग, पडदे, सोलर यांवर महिनाभर खल होतो. दाराच्या वाट्याला मात्र शेवटच्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला कडी-कोयंडा आणि एक कुलूप येतं. आगार मागे राहिलं, त्याची जागा आता कोण घेणार, हे कोणी विचारतच नाही.

अशा गाड्या आपल्याकडे वाटतात तितक्या विरळ नाहीत. मुंबईत १९८८ साली सुरू झालेल्या डोअर स्टेप स्कूलने बसमध्येच वर्ग भरवून शाळा वस्त्यांपर्यंत नेली. पुण्यात २०१६ पासून जुन्या बसगाड्यांची 'ती' नावाची महिला स्वच्छतागृहं उभी राहिली. २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी नव्हते तेव्हा एसटीने आपल्याच जुन्या गाड्यांतली आसनं काढून त्या मालवाहतुकीला जुंपल्या. २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि हौशी मंडळींना 'आपलीही एक असावी' असं वाटू लागलं. घोडबंदर रस्त्याला मालिकांची चित्रीकरणं चालतात, तिथल्या व्हॅनिटी गाड्या वेगळ्याच. रक्तदानाच्या, कर्करोग तपासणीच्या, दंतचिकित्सेच्या गाड्या आहेतच. गाडी एकेकाळची बस असो वा बसच्याच सांगाड्यावर नव्याने बांधलेली असो, दाराचा प्रश्न सगळ्यांचा एकच.

ठाण्याच्या नौपाड्यातून पाहिलं तर तो अगदी उंबऱ्यावरचा आहे. गोखले रस्ता, राम मारुती रस्ता, घंटाळी, विष्णूनगर इथे स्कूटर लावताना सम तारीख की विषम ते आधी बघावं लागतं. तिथे पस्तीस-चाळीस फुटांची बस कुठे उभी राहणार? मग तपासणीची गाडी दिवसा एखाद्या मैदानाशी किंवा शाळेच्या आवारात येते आणि रात्री तीन हात नाक्यापलीकडे, पूर्व द्रुतगती महामार्गाच्या सेवारस्त्यावर किंवा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कंपनीच्या भिंतीलगत जाऊन लागते. दिवसा तिच्यात माणसं असतात, रात्री सामान. माणसं असताना दार झटकन उघडलं पाहिजे, सामान असताना ते उघडता कामा नये. एकच कडी दोन्ही कामं करील असं धरून चालणं, इथेच बहुतेक गाड्यांचं चुकतं.

तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली सिग्नल शाळा आहे. ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठाने २०१६ साली ती सुरू केली ती कंटेनरमध्ये. कंटेनर आणि बस यांच्यातला फरक या बाबतीत मोठा गमतीचा आहे. कंटेनर जन्मतःच बंद करण्यासाठी घडवलेला. त्याच्या दारांना उभ्या लोखंडी दांड्या, वर-खाली आकड्यांत बसणाऱ्या; एक पल्ला दुसऱ्यावर असा चढतो की वरचा उघडल्याशिवाय खालचा हलत नाही. त्यात माणसं बसवायची तर खिडक्या-दारं कापून काढावी लागतात. बसचं उलटं. ती उघडण्यासाठीच घडवलेली. दोन्ही बाजूंना काचा, मागे काच, पुढे काच, आपत्कालीन दार, कधी छतावर झाकण. तिला 'सुरक्षित' करायला निघालेला माणूस नकळत तिचा कंटेनर करू लागतो. खिडकीला गज, मागच्या दाराला वेल्डिंग, पुढच्या दाराला बाहेरून कोयंडा. मालमत्तेच्या दृष्टीने गाडी भक्कम होते आणि आतल्या माणसाच्या दृष्टीने सापळा.

दोन्ही टोकांची उदाहरणं महाराष्ट्राने आणि देशाने अलीकडेच पाहिली. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे पुण्याच्या स्वारगेट आगारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. त्यानंतर आवारात धूळ खात उभ्या असलेल्या बाद गाड्यांत काय काय चालतं, याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. आगारांच्या सुरक्षेची तपासणी करण्याचे, पडून असलेल्या गाड्या हलवण्याचे आदेश निघाले. बंद गाडी ही रिकामी खोली असते, आणि रिकाम्या खोलीला कुलूप लागतं, इतकी साधी गोष्ट तोवर कोणाच्या यादीत नव्हती. याच आगारातून जानेवारी २०१२ मध्ये एका चालकाने एसटी बस बाहेर काढली होती आणि रस्त्यावर नऊ जणांचा जीव घेतला होता. तेव्हाही चर्चा माणसाच्या मनःस्थितीची झाली, उभी गाडी कोणालाही सहज हलवता कशी येते याची फारशी झाली नाही.

दुसरं टोक त्याहून भयंकर. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस उलटली आणि पेटली. ती डाव्या अंगावर पडली. म्हणजे चढायचं-उतरायचं दार जमिनीखाली गेलं. २५ जण दगावले, जे वाचले त्यांतले काही काच फोडून बाहेर पडले. मार्च २०२५ मध्ये हिंजवडीत कर्मचाऱ्यांची छोटी बस पेटली, मागचं दार उघडलं नाही आणि चौघे गेले. चालकानेच ती पेटवल्याचं पुढे पोलिसांनी सांगितलं, पण दाराचा मुद्दा त्याने बदलत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये जैसलमेरहून जोधपूरला निघालेली बस जळाली, त्यात वीसहून अधिक माणसं गेली. ती साध्या बसची वातानुकूलित करून घेतलेली गाडी होती आणि दार अडकलं होतं. बसमध्ये बदल करून घेणाऱ्या प्रत्येकाने या शेवटच्या गाडीची बातमी कारखान्यात पाऊल टाकण्याआधी वाचायला हवी.

आता प्रत्यक्ष दाराकडे येऊ. शहरी बसला बहुधा हवेवर चालणारं दुहेरी पाकळ्यांचं दार असतं. इंजिनावरचा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो, चालकाने बटण दाबलं की ती हवा सिलिंडरमध्ये जाते आणि पाकळ्या मिटतात. म्हणजे दार बंद असतं ते हवेच्या जोरावर, कुलपाच्या नव्हे. रात्रभर गाडी उभी राहिली की जुन्या नळ्यांतून हवा झिरपते आणि सकाळी पाकळ्या सैल लोंबतात. वागळे इस्टेटमधल्या एका बॉडी बांधणीच्या शेडमध्ये मी तिथल्या मिस्त्रींना विचारलं, "दादा, या दाराला कुलूप कुठलं चांगलं?" ते काही बोलले नाहीत. बाहेर पायरीशेजारी हाताच्या पंज्याएवढं एक झाकण होतं, ते त्यांनी नखाने उघडलं, आतली लाल मूठ फिरवली. फुस्स करून हवा सुटली आणि पाकळ्या करंगळीने ढकलाव्या तशा आत गेल्या. "कुलपाचं मागनं बघा साहेब, आधी हे बघा," ते म्हणाले. अपघातात बाहेरच्या माणसाला दार उघडता यावं म्हणून ती मूठ दिलेली असते. ती योग्यच आहे. पण रूपांतर करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना ती आहे हेच ठाऊक नसतं. ते समोर भलंमोठं कुलूप लावतात, आणि मूठ तशीच राहते. किंवा मिस्त्री शहाणपणा करून ती कापूनच टाकतो, आणि मग आग लागली तर बाहेरच्याला काही करता येत नाही.

यावर दोन मार्ग आहेत. पाकळ्यांचं दार ठेवायचं आणि गाडी रिकामी सोडताना आतून आडवी पट्टी टाकायची. मग आपण बाहेर पडायचं चालकाच्या दाराने आणि तिथे चांगलं कुलूप. फिरत्या दवाखान्याला, वाचनालयाला हे परवडतं. राहण्याच्या गाडीला नाही, कारण रात्री-अपरात्री चालकाच्या सीटवरून उड्या मारत कोण ये-जा करणार? तिथे दुसरा मार्ग: पाकळ्या, सिलिंडर, नळ्या सगळं उतरवून बाहेर उघडणारं एकसंध बिजागरीचं दार. बाहेर उघडणारं हे महत्त्वाचं. घाबरलेली माणसं दाराला रेटतात, आणि आत उघडणारं दार रेटून उघडत नाही.

या नव्या दाराला लोक घरचं लॅच लावतात. नव्वद टक्के तक्रारी इथे जन्मतात, असं म्हटलं तर ती माझी अतिशयोक्ती समजा, पण फार मोठी नाही. घराची भिंत हलत नाही. बसचा सांगाडा मात्र पिळतो, पिळण्यासाठीच तो लवचीक असतो. गाडीचं मागचं चाक पदपथावर चढवून लावा आणि दाराच्या चौकटीकडे बघा. वरच्या कोपऱ्यात नखाएवढी फट पडलेली असते, खालचा कोपरा घासत असतो, आणि लॅचची जीभ आपल्या भोकासमोर येतच नाही. मालक मग कानस घेऊन भोक मोठं करतो. दार लागतं, पण आता सपाट रस्त्यावर ते खडखडतं, आणि त्या मोठ्या भोकात चोराला पटाशी घालायला ऐसपैस जागा मिळते. खड्ड्यांनी लॅचचे स्क्रू ढिले होतात ते निराळंच. घोडबंदर रस्त्यावरून पावसाळ्यात एक फेरी त्याला पुरे.

गाडीच्या दाराला गाडीचंच कुलूप हवं. मोटारीच्या दारात असतो तसा फिरत्या पंजाचा खटका: चौकटीवर एक जाड पिन, दारातला पंजा तिला मिठी मारतो, दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात दार टेकतं, दुसऱ्यात आवळलं जातं. पिन थोडी वर-खाली सरकवून बसवता येते, चौकट पिळली तरी पंजा सुटत नाही, आणि आतून एक मूठ ओढली की मोकळा होतो. ट्रकच्या केबिनचे असे खटके सुट्या भागांच्या दुकानांत मिळतात. याच्या जोडीला गाडी सोडून जाताना लावायचं एक स्वतंत्र जाड बोल्टचं कुलूप, बाहेरून किल्लीचं. चालती गाडी आणि आतली माणसं खटक्याच्या भरवशावर. रिकामी, उभी गाडी बोल्टच्या. ही वाटणी पक्की केली की निम्मा प्रश्न सुटतो.

कुलूप कुठलं, यापेक्षा ते कशाला धरून आहे हे अधिक महत्त्वाचं. गोदरेजचा धंदाच १८९७ साली मुंबईत कुलपांपासून सुरू झाला; सात लिव्हरचं कुलूप म्हणजे काय हे आपल्याकडच्या आजीलाही सांगावं लागत नाही. पण ते सात लिव्हर बसच्या जेमतेम मिलिमीटरभर पत्र्यावर चार स्क्रूंनी ठोकलेल्या कोयंड्यात अडकवले, तर चोर कुलपाला हातही लावत नाही. तो कोयंड्याखाली पहार घालतो आणि पत्र्यासकट उचकटतो. म्हणून कोयंडा पत्र्यावर नव्हे, चौकटीच्या लोखंडी पाइपावर आला पाहिजे. गोल गुळगुळीत डोक्याचे आरपार बोल्ट, नट आतल्या बाजूला, आणि नटाखाली वॉशरऐवजी हातभर लांब पट्टी. बिजागऱ्या बाहेर दिसत असतील तर त्यांची पिन ठोकून काढता येते. पिनेच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगचा ठिपका, किंवा बिजागरीच्या बाजूला दारात एक खुंटी जी दार लागताना चौकटीत शिरते. मग पिन काढली तरी दार निघत नाही. सामान पोचवणाऱ्या व्हॅनच्या मागे कधी कधी चकतीसारखं गोल कुलूप दिसतं, त्याचा आकडा पोटाखाली लपलेला असतो आणि कटरला पकडायला काहीच मिळत नाही. ते डिकीसाठी उत्तम.

ठाण्यात आणखी एक शत्रू आहे आणि तो दरवर्षी जूनमध्ये येतो. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, शेजारी खाडी. स्वस्त कुलपाचं पोट ऑगस्टपर्यंत गंजतं. मग कोणीतरी त्यात खोबरेल तेल सोडतं, तेलावर सेवारस्त्याची धूळ बसते, आणि दिवाळीत किल्ली आत मोडते. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचं कुलूप, वरून रबरी झापड, आणि तेलाऐवजी ग्रॅफाइटची कोरडी पूड. याहून जास्त काही करावं लागत नाही.

आता आतल्या माणसाकडे. मला विचाराल तर हा भाग आधी ठरवावा आणि चोराचा विचार त्यानंतर करावा. बहुतेक जण उलटं करतात.

बसबांधणीची आपली जी मानकं आहेत, त्यांत आपत्कालीन दार चढायच्या दाराच्या बाजूला नसतं. ते उजवीकडे किंवा मागे. सिंदखेडराजाची गाडी कशी पडली ते आठवलं की त्यामागचं कारण समजतं. रूपांतरात नेमकं काय होतं? उजव्या बाजूला सलग भिंत मिळते म्हणून तिथे ओटा आणि गॅस येतो. मागे पलंग येतो, पलंगाच्या उशाशी कपाट येतं, आणि कपाटामागे आपत्कालीन दार गडप होतं. बाहेरून त्यावर लाल अक्षरं तशीच असतात. दार आहे, मूठ आहे, पण मूठ फिरवली तर समोर प्लायवूड. ओटा पुढच्या दाराजवळ असेल तर आग लागण्याची जागा आणि पळण्याची वाट एकच झाली. नकाशा काढतानाच आधी दोन वाटा आखाव्यात, एकमेकींपासून लांब, आणि मग उरलेल्या जागेत पलंग-कपाट बसवावं. गॅसची टाकी बाहेरून उघडणाऱ्या वेगळ्या कप्प्यात, तळाला जाळी. आणि त्या कप्प्याला असं कुलूप नको की गळती झाल्यावर किल्ली शोधावी लागेल.

मग या मागच्या दारातून चोर शिरतो त्याचं काय? आक्षेप रास्त आहे. अमेरिकेत शाळेच्या बसबाबत यावर एक सुबक तोडगा नियमातच घातलाय. आपत्कालीन दाराला कुलूप लावायला तिथे मनाई नाही. पण कुठलंही आपत्कालीन दार किल्लीबंद असेल, तर गाडीचं इंजिन सुरूच होता कामा नये. रात्री आवारात रिकामी गाडी उभी आहे, खुशाल कुलूप लावा. सकाळी चालकाला ते काढल्याशिवाय निघता येणार नाही. विसरण्याची सोयच ठेवलेली नाही. आपल्याकडे हे घरगुती पातळीवरही करता येतं: बोल्टपाशी एक छोटा स्विच, बोल्ट सरकलेला असेल तर स्टार्टरची तार तुटलेली. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन हे अर्ध्या दिवसात बसवून देतो. उभ्या गाडीत झोपणाऱ्यांसाठी अर्थात इंजिनाचा उपयोग नाही. तिथे त्याच स्विचवर पलंगाजवळ एक लाल दिवा लावावा. दिवा पेटलेला असेल तर झोपायचं नाही.

काही गोष्टी मात्र सरळ बाद. दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं कुलूप राहत्या गाडीत नको. 'किल्ली खिळ्यालाच तर असते' हे दिवसा खरं आहे. धुरात खिळा सापडत नाही. बाहेरचा उघडा कोयंडा नको, कारण आपण आत असताना तो दुसराच कोणी लावू शकतो. अगदीच ठेवायचा तर रात्री त्यात आपलंच कुलूप अडकवून ठेवावं, म्हणजे कडी त्यावर बसणार नाही. आणि दार भिंतीला चिकटवून गाडी लावण्याची जी युक्ती ट्रॅव्हल्सवाले सांगतात, ती रिकाम्या गाडीसाठीच. तपासायची रीत सोपी आहे. रात्री दिवे घालवा, पलंगावर आडवे व्हा, डोळे मिटा, आणि एका हाताने दोन्ही दारं उघडून पाहा. घरातल्या सात-आठ वर्षांच्या मुलालाही करायला लावा. जिथे तो अडला, तिथे मूठ बदला.

खिडक्यांबाबत आपला स्वभाव आड येतो. ठाण्यातल्या फ्लॅटला जशी पहिल्या मजल्यापासून दहाव्यापर्यंत पेटी-ग्रिल लागते, तशी ती बसलाही लागते. शाळेच्या बसला आडवे गज असतात, ते मुलांनी हात-डोकं बाहेर काढू नये म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये शाळेच्या गाड्यांसाठी घातलेल्या अटींत खिडकीचे गज आणि दाराला भरवशाचं कुलूप, दोन्ही होते. महाराष्ट्राने २०११ मध्ये शाळेच्या बसची स्वतंत्र नियमावली केली. पण ती गाडी दिवसा, चालक आणि मदतनीस असताना धावते. झोपायच्या गाडीत सरसकट गज ही निराळी गोष्ट झाली. निदान प्रत्येक बाजूची एक खिडकी मोकळी ठेवावी. ग्रिल हवीच असेल तर बिजागरीवर, आतून खिटी काढली की उघडणारी. सरकत्या काचांचे छोटे स्प्रिंगचे खटके झिजलेले असतात आणि बाहेरून पातळ पट्टीने उचलता येतात. त्यावर उपाय म्हणजे खाचेत आतून टाकायची लाकडी काठी. फुकट मिळते आणि झटक्यात निघते.

इलेक्ट्रॉनिक कुलपांची सध्या चलती आहे. बोटाचा ठसा, आकडे, मोबाइल. फ्लॅटसाठी बनवलेली ही कुलपं मे महिन्यात उन्हात बंद उभ्या असलेल्या बसमध्ये किती टिकतात, याचा विचार विकणाऱ्याने केलेला नसतो. शिवाय घरच्या कुलपाला धक्के बसत नाहीत. मूळ प्रश्न एकच विचारावा: वीज गेली तर हे कुलूप उघडं पडतं की बंद राहतं? बंद राहणारं असेल तर आतून निव्वळ यांत्रिक मूठ हवी, तारेचा संबंध नसलेली. आगीत पहिल्यांदा जळतात त्या तारा. या एका अटीत बसलं तर इलेक्ट्रॉनिक कुलूप लावायला माझी हरकत नाही. फिरत्या दवाखान्यात चार-पाच जण पाळीपाळीने येतात, तिथे किल्ल्यांच्या नकला करण्यापेक्षा आकडा बदलणं सोयीचं.

चोर मात्र दाराशी फार वेळ घालवत नाही. रस्त्यावर उभ्या जड गाडीतून सर्वांत सहज जाते ती बॅटरी, मग डिझेल, मग स्टेपनी. रूपांतरित गाडीत इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या जास्तीच्या, आणि त्या बहुधा पोटाखालच्या डिकीत, कपाटाला असतं तशा पिटुकल्या कुलपामागे. अशा कुलपांच्या किल्ल्या मोजक्याच प्रकारच्या असतात. एकाची दुसऱ्याला लागते. आत हजारोंचा माल आणि बाहेर खेळण्यातलं कुलूप, हे दृश्य इतकं सर्रास आहे की हसू येतं. बॅटरीवर आडवी पट्टी, तिला वेगळं कुलूप, डिझेलच्या टोपीला कुलूप, आणि एक लपवलेला स्विच ज्याने बॅटरीची मुख्य तार तुटते. गाडी पळवणाऱ्याला तो थोपवतो, आणि शॉर्टसर्किटच्या आगीपासूनही राखतो. डिकी उघडली की भोंगा वाजवणारा चुंबकाचा स्विच किरकोळ पैशांत येतो. नौपाड्यासारख्या दाट वस्तीत भोंग्याला अजून अर्थ आहे, कोणीतरी गॅलरीत येतंच. सेवारस्त्यावर तो कुत्र्यांनाच ऐकू जातो. तिथे जीपीएस बरा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणी-पुस्तकातल्या तपशिलापासून गाडी बदलू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठणकावून सांगितलं. चांगलं कुलूप लावल्याने तपशील बदलत नाही. आपत्कालीन दार पत्र्याने बुजवणं, मुख्य दार दुसरीकडे हलवणं, बसची कॅराव्हॅन करणं यांना मात्र परिवहन कार्यालयाची आधी परवानगी लागते. गाडी एमएच ०४ ची असो की कल्याणची एमएच ०५. कॅराव्हॅनसाठी वेगळं मानक आहे, एआयएस-१२४. शिवाय एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही. त्यामुळे बाद एसटी विकत घेऊन भटकंतीला निघायचं स्वप्न आता बहुधा एका जागी उभ्या बसपुरतंच उरतं. उभ्या बसला विमा कंपनी काय विचारते हे मात्र आधी लेखी घ्यावं.

स्वच्छतागृहाच्या बसचा पेच आणखी वेगळा, तिथे बाहेरच्या दारापेक्षा आतल्या कड्या महत्त्वाच्या. बाईला आतून निर्धास्त कडी लावता आली पाहिजे, आणि तिला चक्कर आली तर बाहेरच्या सेविकेला ती उघडता आली पाहिजे. विमानातल्या शौचालयाचं दार कर्मचाऱ्यांना बाहेरून, पाटीखालचा खटका सरकवून, उघडता येतं. तसाच 'आत आहे' असं दाखवणारा आणि बाहेरून नाण्याने फिरणारा बोल्ट बाजारात मिळतो. तरीही बहुतेक ठिकाणी साधी सळईची कडीच लावलेली दिसते, तीही वाकलेली. वाकलेल्या कडीमुळे बायका ते स्वच्छतागृह वापरायचंच टाळतात. मग ते ओस पडतं, ओस पडलं की रात्री कुलूप तोडून कोणीतरी आत शिरतं, आणि पहिल्यांदा नळ जातात.

शेवटी किल्ल्या. रूपांतरित गाडीची एक किल्ली मालकाकडे आणि एक चालकाकडे, इतकंच सहसा ठरतं. क्लीनर कुठे झोपतो हे कोणी विचारत नाही. तो बहुधा त्याच 'रिकाम्या' गाडीत झोपतो, मागच्या आसनावर किंवा तपासणीच्या टेबलावर. रात्री अकराला चालक बाहेरून बोल्ट सरकवून घरी निघून जातो, आणि बोल्टला आतून मूठ नसते. रिकाम्या गाडीसाठी म्हणून जे जे कुलूप वर सुचवलं, ते सगळं लावण्याआधी एकदा आत शिरून, पडदे सारून, हाक मारून बघावं. आणि तो पोरगा तिथेच झोपणार असेल तर बोल्ट त्याच्या हातात, आतून द्यावा.